अँटवर्पचे हात

अँटवर्पचे मध्यवर्ती रेल्वेस्थानक १९०५ साली उभे राहिले. त्याच्या भव्य घुमटाखालून बाहेर पडून उजव्या-डाव्या गल्ल्यांत शिरले की, जगाच्या हिरे-व्यापाराचे एक जुने केंद्र समोर येते. होवेनियर्सस्ट्राट ही त्यातील मुख्य गल्ली. येथे डच, यिद्दिश आणि गुजराती या तिन्ही भाषा एकाच पदपथावर कानी पडतात. १९६०च्या दशकापासून पालनपूरची जैन कुटुंबे येथे येऊ लागली आणि हळूहळू स्थिरावली. शहराच्या दक्षिणेस विल्राइक भागात त्यांनी भगवान पार्श्वनाथांचे संगमरवरी जिनालय उभारले आहे.

नोव्हेंबर सरत आला की, या शहराच्या रस्त्यांवर एक वेगळाच सुगंध पसरतो. तो दालचिनीचा, लवंगेचा आणि भाजलेल्या साखरेचा असतो. बेकरीच्या काचेआड दाढीधारी धर्मगुरू, घोडे, पवनचक्क्या, जहाजे अशा आकारांची तपकिरी बिस्किटे मांडलेली दिसतात. शेजारीच आणखी एक आकार हमखास असतो. तो म्हणजे मनुष्याच्या हाताचा पंजा. नवख्या प्रवाशाला या पंजाचे नवल वाटते. पण शहराच्या बोधचिन्हापासून चौकातील कारंज्यापर्यंत हा हात जागोजागी भेटतो आणि त्यामागे काहीतरी कथा असावी, हे ध्यानी येते.

घोडा आणि धर्मगुरू यांची कथा संत निकोलसच्या सणाची आहे. बेल्जियममध्ये हा सण ६ डिसेंबरच्या सकाळी साजरा होतो. येथील मुले त्यांना सिंटरक्लास म्हणतात. नोव्हेंबरच्या मध्यास ते जहाजाने स्खेल्ड नदीच्या धक्क्यावर उतरतात आणि मुलांची झुंबड उडते. सणाच्या आदल्या रात्री मुले आपला बूट चुलीपाशी किंवा दाराशी ठेवतात. संतांच्या घोड्यासाठी त्यात गाजर किंवा साखरेचा खडा ठेवायचा आणि सकाळी त्याच जागी संत्री, चॉकलेट व बिस्किटे मिळवायची, अशी ही रीत. गाजर घरात येतच नाही अशा जैन घरातील मुलाला येथे अडचण पडत नाही. घोड्याला साखरेचा खडाही चालतो.

या सणाच्या बिस्किटाला बेल्जियममध्ये स्पेक्युलोस आणि नेदरलँड्समध्ये स्पेक्युलास म्हणतात. ते पूर्वी लाकडी साच्यांतच घडवले जाई. कठीण लाकडाच्या फळीवर कारागीर चित्र उलटे कोरत. फळीवर तांदळाची पिठी भुरभुरायची, कणीक दाबून भरायची, वरचे जादा पीठ तारेने किंवा सुरीने कापून काढायचे आणि फळी आपटून बिस्किट अलगद बाहेर पाडायचे, असा तो क्रम. भाजल्यावर चित्राची रेघ न् रेघ टिकावी म्हणून पीठ फारसे फुगू देत नाहीत. आपल्याकडील मोदकाचा साचा ज्याने हाताळला आहे, त्याला ही कारागिरी परकी वाटणार नाही. आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा घडते म्हणून लॅटिन भाषेतील ‘आरसा’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले, असे काही जण मानतात. मसाल्यांच्या जुन्या नावावरून ते आले, असे इतर म्हणतात.

मसाल्यांवर या शहराचा हक्क जुना आहे. १५०१ साली लिस्बनहून भारतीय मिऱ्यांनी भरलेले पहिले पोर्तुगीज जहाज अँटवर्पला लागले आणि पुढील काही दशके उत्तर युरोपातील मिऱ्यांचा भाव येथे ठरू लागला. १५३१ साली येथे व्यापाऱ्यांसाठी खास बाजारगृह बांधले गेले. १५८५ मध्ये स्पॅनिश फौजांनी शहर जिंकल्यावर नदीतून होणारी वाहतूक रोखली गेली आणि व्यापार ॲमस्टरडॅमकडे सरकला. मलबारची मिरी व वेलदोडा, सिंहलची दालचिनी, मोलुक्का बेटांवरील लवंग आणि बांदा बेटांवरील जायफळ असे पूर्वेचे सारे वैभव उत्तरेच्या थंड प्रदेशातील सणाच्या बिस्किटात असे उतरले. या सुगंधाला रक्ताचा डागही आहे. जायफळाची मक्तेदारी मिळवण्यासाठी डच कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवरील लोकांचा संहार केला. पदार्थ ताटात येण्यापूर्वी त्याच्यामागे काय घडले, हे विचारण्याचा जैन गृहिणीचा स्वभाव अशा वेळी निव्वळ सोवळे वाटत नाही.

तो प्रश्न ती बेकरीतही विचारते. स्पेक्युलोसच्या बाबतीत उत्तर पुष्कळदा दिलासा देणारे असते. मैदा, लोणी, तपकिरी साखर आणि मसाले एवढ्यावर त्याची जुनी कृती भागते. अंड्याची गरज पडत नाही. युरोपातील इतर अनेक मसालेदार बिस्किटांचा पाया मध असतो, याचा नसतो. मसाल्यात आले असले तरी ते वाळवलेले, म्हणजे सुंठच असते. लेम्बेके गावात १९३२ साली सुरू झालेल्या लोटस कंपनीचे कॉफीबरोबरचे प्रसिद्ध बिस्किट याच घराण्यातले आहे. मात्र प्रत्येक बेकरीची कृती सारखी नसते. कोणी अंडे घालतो, कोणी चरबी वापरतो. म्हणून वेष्टन वाचण्याची किंवा दुकानदाराला विचारण्याची सवय येथील घरांना लावून घ्यावी लागते.

खरी पंचाईत सजावटीत असते. बिस्किटावरचा तो शुभ्र, कडक साखरेचा थर बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकात पिठीसाखर फेटून केलेला असतो. गुलाबी-लाल रंग ‘ई १२०’ असेल, तर तो कोचिनियल नावाच्या किड्यांपासून मिळतो. चकाकणाऱ्या साखरमोत्यांवरचा लेप ‘ई ९०४’, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून येणारे शेलॅक असू शकते. मऊ, लवचिक शोभेच्या गोळ्यांत जिलेटिन असते. बिस्किट निर्दोष आणि त्यावरची नक्षी सदोष, असे पुष्कळदा घडते.

घटक पारखून झाले तरी एक प्रश्न उरतो आणि तो आकाराचा असतो. शाळेतून परतलेले मूल मुठीतला बिस्किटाचा घोडा पुढे करून विचारते, “बा, यात अंडे नाही. मग हा खाल्ला तर चालेल?” बा लगेच उत्तर देत नाही. तिच्या लहानपणी दिवाळीच्या बाजारातून येणारे साखरेचे हत्ती-घोडे घरात घेतले जात नसत. त्यात साखरेशिवाय काहीही नसे, तरीही.

यामागे जैन परंपरेतील एक फार जुनी कथा आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर हा जीवहत्येला तयार नव्हता. देवीला बळी द्यावा, असा त्याच्या मातेचा, चंद्रमतीचा आग्रह होता. अखेर तडजोड झाली आणि पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्यात आला. एकाही जिवाला इजा झाली नाही. तरीही माय-लेकांना अनेक तिर्यंच योनींत भटकावे लागले, असे कथा सांगते. कोंबडा पिठाचा होता, पण त्यावर चालवलेल्या शस्त्रामागचा मारण्याचा संकल्प खरा होता. दिगंबर आचार्य सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’ या संस्कृत ग्रंथाचा हाच विषय आहे आणि श्वेतांबर आचार्य हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’तही यशोधराची कथा येते. दोन्ही परंपरांनी ती जपली, ती उगीच नव्हे.

घोड्याचे बिस्किट खाणारे मूल बळी देत नाही, हे बा जाणते. मुलाच्या मनात भीती घालण्याचा तिचा हेतूही नसतो. पण “आधी डोके खाऊ की पाय?” असा खेळ करत चावा घेण्याची सवय जिभेबरोबर मनालाही लागते, एवढे ती जाणते. म्हणून ती त्याला एवढेच सांगते, “घोडा ठेव आणि त्याच्याशी खेळ. खायला आपण दुसरे करू.” अक्षरांच्या आकाराच्या छोट्या बिस्किटांनाही ती हाच न्याय लावते. या सणाला ती मूठमूठ वाटली जातात. पण अक्षर हे ज्ञानाचे साधन, ते चावून खाणे ही ज्ञानाची आशातना, असे पाठशाळेत शिकवले जाते.

आता त्या पंजाची कथा. दंतकथेनुसार स्खेल्डच्या काठी अँटिगोन नावाचा राक्षस राहत असे. जो नावाडी जकात देत नसे, त्याचा हात तो तोडून टाकी. ब्राबो नावाच्या वीराने त्याला ठार केले, त्याचाच हात तोडला आणि नदीत भिरकावला. मुख्य चौकातील १८८७ सालच्या कारंज्यावर तो क्षण ब्राँझमध्ये कायमचा थांबलेला आहे. १९३४ मध्ये योस हाकर या ज्यू बेकरने शहराच्या या चिन्हाचे बिस्किट घडवले. लोणी, साखर, अंडे आणि वर बदामाचे काप असे ते ‘अँटवर्पचे हात’ आज भेट म्हणून घरोघरी जातात. शहरातील लोकांना त्यात मैत्रीचा हात दिसतो.

जैनांचेही एक चिन्ह हातच आहे. उभारलेला पंजा, तळव्यावर चक्र आणि चक्राच्या मध्यभागी ‘अहिंसा’ हा शब्द. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, १९७४-७५ च्या सुमारास, सर्व संप्रदायांनी स्वीकारलेल्या प्रतीकात तो आहे. एक हात तोडलेला, दुसरा ‘थांब, विचार कर’ असे सांगणारा. या शहरात वाढणाऱ्या जैन मुलाच्या डोळ्यांसमोर दोन्ही हात रोज असतात. सगळे नाकारले तर ते मूल वर्गात एकटे पडते; सगळे स्वीकारले तर घरचा नियम नावापुरता उरतो. या दोहोंमधली वाट स्वयंपाकघरातून जाते.

कृती अवघड नाही. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम तपकिरी साखर, दोन चमचे दालचिनीची पूड आणि लवंग, जायफळ, वेलदोडा व सुंठ यांची मिळून एक चमचा पूड घ्यावी. चिमूटभर मीठ आणि चिमूटभर सोडा पुरे. लोणी महाविगईत मोडते, म्हणून त्याजागी १२० ग्रॅम घट्ट तूप घ्यावे आणि लागेल तेवढे, तीन-चार चमचे दूध घालून पीठ मळावे. बेल्जियन बेकर हे पीठ रात्रभर मुरवतो. जैन घरात मळलेले पीठ वासी ठेवत नाहीत. सकाळी मळून दोन-अडीच तास गारव्यात ठेवले, तरी मसाला चांगला मुरतो. तुपाचे पीठ ओव्हनमध्ये थोडे पसरते, म्हणून आकार दिल्यावर पुन्हा अर्धा तास गार करून १७० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे भाजावे. सजावटीसाठी पिठीसाखरेत थोडे दूध व लिंबाचा रस घालून घट्ट लेप करावा. केशराने पिवळा रंग येतो, वर पिस्त्याचे काप शोभतात. बिटाचा लाल रंग कंदमुळाचा, तो या घरांना नको. डिसेंबरात येथे सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरात मुलांचा मेळा दुपारीच भरवावा लागतो.

आकार पाने, फुले, चांदण्या यांचे निवडता येतात. त्यातही एक आकार या घरांना सर्वांत जवळचा आहे. लाटलेल्या पोळीवर कातणे तिरके फिरवले की, शंकरपाळ्याचा चौकोन मिळतो. साखरेच्या लेपाने त्यावर चार रेघा ओढल्या की, त्याचा पैलूदार हिरा होतो. गल्लीतल्या प्रत्येकाला तो ओळखू येतो, मग तो गुजराती असो, ज्यू असो की फ्लेमिश.

मार्गशीर्ष वद्य दशमी, म्हणजे भगवान पार्श्वनाथांचा जन्मकल्याणक दिन, याच थंडीच्या दिवसांत येतो. त्या वेळी कोणी अट्ठम करतात आणि विल्राइकच्या जिनालयात पूजा होते. तोवर ६ डिसेंबरची बिस्किटे संपलेली असतात. खिडकीच्या कडेला शाळेतून आलेला बिस्किटाचा घोडा मात्र तसाच उभा असतो. मुलाने त्याच्यासमोर साखरेचा एक खडा ठेवलेला असतो.