कण्याचा आणि श्वासाचा जमाखर्च

‘ताठ कण्याचा माणूस’ ही आपल्या मराठीतली मोठी शाबासकी. कानडीतही शेतकऱ्याला ‘देशद बेन्नेलुबु’, म्हणजे देशाचा कणा म्हणतात. दोन्ही भाषांनी कण्याला एवढा मान दिला. पण ज्याचा कणा खरोखरच वाकडा, त्याने काय करावे? हा प्रश्न मला चौदाव्या वर्षी पडला.

मला ‘स्कोलिओसिस’ होता. यात कणा एका बाजूला वळतो आणि वळताना पिळतोही. क्ष-किरण चित्रावर हा बाक अंशांत मोजतात. निदान १० अंश भरला की त्याला हे नाव. वयात येणाऱ्या मुलामुलींत शेकडा दोन-तीन जणांना तो असतो आणि मोठा बाक मुलींतच अधिक. आजी म्हणायची, “दप्तराच्या ओझ्यानं पोरीची पाठ वाकली गं!” पण दप्तराने हा बाक येत नाही. बहुतेकांत नेमके कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो. शेजारच्या काकूंचा सल्ला निराळाच होता : “ओढणी नीट घेत जा, कुणाला दिसायचं नाही.”

ओढणीने पाठ झाकेल, धाप कशी झाकणार? कण्याबरोबर बरगड्याही पिळतात, छातीचा पिंजरा आखडतो आणि फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही. लहान बाकाचा श्वासावर फारसा परिणाम होत नाही. छातीच्या भागातला बाक ७० अंशांकडे गेला की तो जाणवू लागतो. माझा बाक ६४ अंश. नळीत जोराने फुंकले तेव्हा यंत्राने २.१ लिटर हवा दाखवली. हवी होती ३.१.

इथे आम्हा वाणिज्यवाल्यांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे. ही अपेक्षित हवा उंचीवरून ठरवतात. पण वाकड्या कण्याची उंची मुळातच कमी भरते. तीच धरली तर छेद लहान होतो, टक्केवारी फुगते आणि फुप्फुसे आहेत त्याहून बरी दिसतात. म्हणून हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर घेतात. खरा हिशोब तो!

वडिलांनी डॉक्टरांना विचारले, “ऑपरेशननं हिचा दम भरून येईल ना?” डॉक्टर म्हणाले, “बाक वाढू न देणं हा मुख्य हेतू. श्वास सुधारला तर तो नफा समजा.” वडिलांचा चेहरा उतरला. सोसायटीचे कर्ज काढायचे, मज्जारज्जूला धोका पत्करायचा, तो एवढ्यासाठी? पण ५० अंशांपुढचा असा बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एक अंशाने वाढत राहू शकतो. मी कागदावर चाळिशीपर्यंतचे व्याज मांडले आणि म्हटले, “बाबा, करूया.”

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी धातूच्या सळीने बाक सरळ करण्याची आपली पद्धत १९६२ साली प्रसिद्ध केली. पोलिओने वाकलेल्या मुलांसाठी ती आधी वापरली गेली होती. आता मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळ्या घालतात आणि मणके एकमेकांशी सांधतात. माझे ऑपरेशन पाठीकडूनच झाले; छाती उघडून केले तर श्वासाला अधिक तोशीस पडते.

पहिले दिवस कठीण गेले. वेदनेने श्वास अर्ध्यावर तुटे. तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र तोंडाला लावून नर्सबाई म्हणत, “उसिरु एळको, इन्नू स्वल्प!” श्वास ओढ, आणखी थोडा! दुसरा चेंडू उचलायला आठवडा लागला. तीन महिन्यांनी हवा भरली २.० लिटर, म्हणजे आधीपेक्षाही कमी. आईने डोळ्यांना पदर लावला. पण ही घट अपेक्षित असते. दोन वर्षांनी आकडा २.४ झाला. नफा बेताचा, पण बाक जिथे थांबवला तिथे थांबला, ही खरी जमा.

वाचकहो, वाढीच्या वयात २५ ते ४० अंशांचा बाक वेळीच सापडला तर पुष्कळदा पट्ट्याने अडवता येतो. घरी धाकटे भावंड असेल तर त्याला हात जोडून पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर ओढणी शोधू नका, डॉक्टर शोधा.