घर पाहावं चालून

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलाचा, निखिलचा, बडोद्याहून फोन आला. कंपनी त्याला मेलबर्नला पाठवते आहे. बायको आणि दोन मुलांना घेऊन जानेवारीत यायचं आहे. "मामी, तू इतकी वर्षं तिथे आहेस. कुठलं उपनगर चांगलं तेवढं सांग. बाकीचं मी बघतो."

मी विचारलं, "अनघा गाडी चालवते का?"

तो गोंधळला. आपण घराबद्दल विचारतोय आणि मामी बायकोच्या गाडीचं काय काढून बसली, असं त्याला वाटलं असणार. "स्कूटर चालवते की," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग फोन ठेवू नकोस, थोडं ऐक."

आम्हीही हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर देणाऱ्यांनी अगदी मनापासून उत्तर दिलं होतं. २०१६ सालच्या जानेवारीत आम्ही इथे आलो. ह्यांची नोकरी शहराच्या मध्यभागी. इरा नऊ वर्षांची, अनीश तीन. घर मात्र आम्ही निघण्यापूर्वीच, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात बसून, संगणकावर फोटो बघून ठरवलं होतं. ह्यांच्या एका मित्राने आमच्या वतीने ते पाहिलंही होतं. चार बेडरूम, मागे हिरवळ, पुढे दोन मोटारी मावतील एवढं गॅरेज! पॉइंट कुक नावाचं उपनगर, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला. पूर्वेकडच्या जुन्या उपनगरांत ज्या भाड्यात दोन बेडरूमचं युनिट मिळत होतं, त्याच भाड्यात इथे अख्खा बंगला. शिवाय आपली माणसं भरपूर. दोन मराठी कुटुंबं तर पुढच्याच रस्त्यावर. आणखी काय हवं?

भाड्याच्या हिशेबातही आम्ही पहिल्याच दिवशी फसलो. तिथे भाडं आठवड्याचं सांगतात. ह्यांनी आपलं त्याला चाराने गुणलं आणि महिन्याचं अंदाजपत्रक मांडलं. पण वर्षाचे आठवडे बावन्न. आठवड्याला ४०० डॉलर म्हणजे महिन्याला १६०० नव्हेत, सुमारे १७३३. एक महिन्याचं भाडं अनामत ठेवावं लागलं ते वेगळंच. ती रक्कम मालकाच्या खिशात न जाता सरकारी संस्थेकडे राहते, हे मात्र मला फार आवडलं.

पहिला महिना सहलीसारखा गेला. जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. रात्री पावणेनऊपर्यंत उजेड, शाळांना सुट्टी, हे घरी. संध्याकाळी आम्ही चौघं मागच्या हिरवळीवर बसून भेळ खात होतो. सासऱ्यांना फोनवर सांगितलं, "घर पूर्वाभिमुख आहे." ते खूश. आता गंमत ऐका. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेच्या खिडकीतून येतं, तिथे उत्तरेच्या. आमची बसायची खोली होती नेमकी दक्षिणेला. मे महिना लागला आणि त्या खोलीत ऊन येईना. कपडे दोन-दोन दिवस ओलसर. हीटर सारखा चालू आणि विजेचं बिल बघून ह्यांचा चेहरा त्या कपड्यांसारखा. वास्तुशास्त्र काय म्हणतं ते म्हणो, मेलबर्नात भाड्याचं घर बघताना मी आता आधी उत्तर कुठे आहे ते बघते.

पण ऊन ही छोटी गोष्ट झाली. खरा प्रश्न होता तो पायांचा.

पॉइंट कुकला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. विल्यम्स लँडिंगला जाऊन गाडी पकडावी लागे, म्हणून हे सकाळी सातला मोटार घेऊन जात आणि ती दिवसभर स्टेशनाबाहेर उभी राहत असे. मला मोटार चालवता येत नव्हती. शिकाऊ परवाना काढला तरी माझ्या वयाला किमान तीन महिने थांबायचं, मगच परीक्षा. आणि शिकवणार कोण? शिकवणीचं शुल्क ऐकून तर मी गप्पच बसले. आमच्या पत्त्याला लागू असलेली सरकारी शाळा घरापासून दोन किलोमीटरवर होती. सकाळी सोडून परत, साडेतीनला आणायला जाऊन परत, असे दिवसाचे आठ किलोमीटर, अनीशची बाबागाडी ढकलत. बस होती, पण ती आडवळणाने फिरून जायची आणि एक चुकली की पुढचीची वाट बघण्यापेक्षा चालणं बरं वाटे.

चालायला मी घाबरत नाही. बडोद्याला भाजी, देऊळ, इराचा गाण्याचा क्लास, सगळं पायीच होतं. फरक असा, की तिथे चालताना दहा जण बोलत. इथे दोन्ही बाजूंना गॅरेजची बंद दारं. सगळी घरं नवीन, सुरेख आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. जून-जुलैत संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार पडायचा, तिरपा पाऊस आणि वारा असा, की छत्री उलटी व्हायची. आपली माणसं होती, पण तीही सकाळी सातला मोटारीत बसून जात आणि सातनंतर दमून परत येत. त्यांची भेट शनिवारी. सोमवार ते शुक्रवार मी, अनीश आणि बाबागाडी.

दोष पॉइंट कुकचा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. दोन मोटारी असलेली, दोघंही चालवणारी कितीतरी कुटुंबं तिथे आनंदात राहतात. आमच्या त्या मित्राचं घरही तसंच होतं. त्याने त्याच्या संसाराला योग्य ते उपनगर आम्हाला सांगितलं. आमचा संसार कसा चालतो हे त्याने विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी अनीशला सणकून ताप भरला. हे शहरात, मोटार स्टेशनवर. डॉक्टरांची वेळ फोनवर मिळाली, पण जायचं कसं? दोन्ही मराठी मैत्रिणी कामावर. टॅक्सी बोलावली, ती येईना. मी त्याला शालीत गुंडाळून दारात उभी होते, तेव्हा समोरच्या घरातल्या फिलिपिनो बाईंनी पाहिलं. सहा महिने आम्ही एकमेकींना नुसता हात हलवत होतो. त्या काही न विचारता किल्ली घेऊन आल्या. दवाखान्यातून येताना इराला शाळेतून घेतलं तेही त्यांनीच.

त्या रात्री इरा माझ्याजवळ येऊन झोपली. बडबडी मुलगी गेले काही महिने गप्प गप्प झाली होती. आम्ही म्हणायचो, भाषा नवी, होईल सवय. अंधारात ती म्हणाली, "आई, आपण ऑस्ट्रेलियात नाही राहत. आपण फक्त घरात राहतो."

मला उत्तर देता आलं नाही.

करार वर्षाचा होता. मध्येच मोडला तर नवा भाडेकरू मिळेपर्यंतचं भाडं आणि जाहिरातीचा खर्च आमच्या अंगावर. शाळेचं वर्षही जानेवारीअखेरीस सुरू होतं. म्हणून आम्ही डिसेंबरपर्यंत तिथेच राहायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. ह्यांचं म्हणणं वेगळं होतं. "तेवढ्याच पैशांत निम्मं घर? लोक लहान घरातून मोठ्यात जातात, आपण उलटं?" आठवडाभर आमचं बोलणं कामापुरतंच चाललं होतं. शेवटी एका रविवारी मी वही घेऊन बसले. इथेच राहायचं तर मला मोटार हवी. तिची किंमत, नोंदणी, विमा, पेट्रोल, माझी शिकवणी. हे सगळं एका बाजूला मांडलं आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनजवळच्या लहान घराचं जादा भाडं. आकडे बघून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शनिवारी बघायला जाऊ."

या वेळी घरं बघायचीच नाहीत, असा मी नियम केला. आधी उपनगर बघायचं आणि तेही मोटारीतून नाही. आम्ही चौघं गाडीने जायचो, एका स्टेशनवर उतरायचो आणि चालायला लागायचो. स्टेशन ते शाळा, शाळा ते दुकानं, दुकानं ते बाग. अनीशचे पाय जिथे दुखले, ती आमची हद्द. दोनदा हे रजा घेऊन कामाच्या दिवशी आले आणि आम्ही साडेतीनला शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहिलो. मुलं चालत घरी जातात की मोटारींची रांग लागते? आया थांबून बोलतात का? रस्ता ओलांडून देणारी, हातात 'थांबा'ची पाटी घेतलेली बाई मुलांना नावाने हाक मारते का? शाळेच्या निकालांचे तक्ते संगणकावर मिळतात, २०१० पासून देशभरच्या शाळांचे आहेत. ते मीही पाहिले. पण फाटकाबाहेरच्या वीस मिनिटांत जे दिसलं, ते त्या तक्त्यांत नव्हतं.

एक मैत्रीण ग्लेन वेव्हर्लीला ये म्हणून मागे लागली होती. तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेचं नाव मोठं आणि त्या शाळेच्या हद्दीतली भाडीही तशीच. पण तिकडे माध्यमिक शाळा सातवीपासून. इरा जाणार होती पाचवीत. दोन वर्षांनंतरच्या शाळेसाठी आज जादा भाडं कशाला भरायचं? तेव्हाचं तेव्हा बघू, म्हटलं.

क्लेटन आम्हाला तसं दिसायला काही खास वाटलं नाही. जुनी घरं, गर्दीचा मुख्य रस्ता, एका दुकानात चिनी भाजी, शेजारच्यात आपली कोथिंबीर आणि पोहे. मोनाश विद्यापीठ जवळ, त्यामुळे पाठीवर पिशव्या घेतलेली जगभरची पोरं रस्त्यावर. स्टेशनापासून थोड्या अंतरावर सार्वजनिक वाचनालय, त्याच इमारतीत पोहण्याचा तलाव. इरा वाचनालयात शिरली ती बाहेर यायला तयार होईना. अनीश लहान मुलांच्या गोष्टींच्या घोळक्यात जाऊन बसला. वर्गणी विचारली, तर काही नाही, फुकट.

एक अडचण होती. रेल्वेचं फाटक मुख्य रस्त्याला अगदी मध्ये कापत होतं आणि ते सारखं बंद. मुलांना घेऊन रोज ते ओलांडायचं नाही, म्हणून शाळा आणि घर रुळांच्या एकाच बाजूला हवं, अशी अट घातली. आवडलेल्या प्रत्येक घराचा नंबर सांगून शाळेला फोन केला, कारण कधी कधी रस्त्याची ही बाजू एका शाळेच्या हद्दीत आणि समोरची दुसऱ्या. आता या हद्दी सरकारी संकेतस्थळावर नकाशातच दिसतात.

अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्या मोठ्या घराने आमच्यावर उपकारच केले. नवख्या माणसाला तिथे भाडेकरू म्हणून इतिहास नसतो. आमच्याकडे आता वर्षभर वेळेवर भाडं भरल्याचा दाखला होता. तिसऱ्या अर्जाला घर मिळालं. एका आवारात मागेपुढे असलेल्या तीन युनिटांतलं मागचं. दोन बेडरूम, बसायची खोली उत्तरेला.

सगळं गोड झालं असं नाही. मोठा सोफा विकावा लागला. दोन्ही मुलं एका खोलीत, म्हणजे रोज भांडण. पुढे रेल्वे फाटक काढून रूळ वर उचलायचं काम निघालं. २०१८ मध्ये ते पूर्ण होईपर्यंत धूळ, आवाज आणि अधूनमधून गाड्यांऐवजी बस. हे दर वेळी मला म्हणायचे, "पॉइंट कुकला शांतता होती हं." मी ऐकून घेत असे. मोटार चालवायला मी शिकले तीही क्लेटनलाच, गरज संपल्यावर.

दहा वर्षांची झाल्यावर इराने एका शनिवारी विचारलं, "वाचनालयात एकटी जाऊ?" सात मिनिटांचा रस्ता, मध्ये एक सिग्नल. मी हो म्हटलं आणि खिडकीत उभी राहिले. तासाने ती पुस्तकं घेऊन आली आणि वाटेत कोण कोण भेटलं ते जेवण होईपर्यंत सांगत बसली.

हे सगळं मी निखिलला सांगितलं. "मामी, एवढं आम्ही इथून कसं ठरवणार?" तो म्हणाला. मी म्हटलं, "ठरवू नका. पहिले काही आठवडे आमच्याकडे उतरा. गर्दी होईल, होऊ दे. वर्षाच्या करारावर तोपर्यंत सही करायची नाही." तो हो-नाही करत होता, एवढ्यात अनघाने फोन घेतला असावा.

"मामी," ती हळूच म्हणाली, "दुपारी साडेतीनला बघायला गेलं, तर शाळेबाहेर उभं राहू देतात का हो?"