एकाच आराखड्यात दोन्ही

जे मूल आपल्या वर्गाच्या तीन इयत्ता पुढचे गणित तोंडी सोडवते, ग्रहण का लागते हे घरी आलेल्या पाहुण्यांना कागदावर वर्तुळे काढून समजावून सांगते, आणि तरीही दहा ओळींचा निबंध लिहायला बसले म्हणजे अर्ध्या तासात तिसऱ्या ओळीपुढे सरकत नाही, त्या मुलाच्या आईवडिलांना शाळेकडून, शेजाऱ्यांकडून आणि पुष्कळदा घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनही एकच निर्णय ऐकावा लागतो : ‘हुशार आहे, पण आळशी आहे.’ नवी मुंबईत शैक्षणिक मानसशास्त्राचा व्यवसाय करताना अशी कुटुंबे मी दीर्घ काळ पाहत आले आहे. हा निर्णय बहुधा चुकीचा असतो, आणि तो एकदा शाळेच्या दप्तरी रुजू झाला म्हणजे मुलाच्या बुद्धीचा आणि अडचणीचा, दोहोंचाही शोध थांबतो, असे माझे अनुभवांती झालेले ठाम मत आहे. असामान्य बुद्धी आणि शिकण्यातील विशेष अडचण एकाच मुलाच्या ठायी नांदू शकतात, ही गोष्ट मान्य करूनच शाळेच्या शोधाला आरंभ करावा लागतो.

शास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वाचनाच्या जन्मजात अडचणीचे जे सुप्रसिद्ध वर्णन प्रसिद्ध केले, ते एका चौदा वर्षांच्या तल्लख मुलाचे होते; सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांच्या पुढे असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्रायही त्यात नोंदलेला आहे. म्हणजे ज्या विकाराला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो, त्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींमध्येच प्रज्ञा आणि अडचण शेजारी शेजारी उभ्या होत्या. पुढे १९२३ साली अमेरिकेत लेटा हॉलिंगवर्थ यांनी विशेष गुण आणि विशेष उणिवा यांचा शिक्षणाच्या दृष्टीने एकत्र विचार करणारा ग्रंथ लिहिला. परंतु शाळाखात्यांनी मात्र, कारभाराच्या सोयीसाठी, हुशार मुलांची यादी एका कपाटात आणि अडचणीतल्या मुलांची यादी दुसऱ्या कपाटात ठेवण्याची रीत पाडली, आणि ती रीत आजतागायत चालू आहे. आपले २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अनेक अंगांनी उदार असले, तरी त्यातही प्रज्ञावान विद्यार्थ्यांचा परामर्श चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचा परामर्श सहाव्या प्रकरणात घेतलेला आहे. ज्या मुलाला दोन्ही प्रकरणे एकाच वेळी लागू पडतात, त्याची तजवीज त्याच्या पालकांनाच करावी लागते.

या तजविजीची पहिली पायरी म्हणजे नीट केलेली तपासणी. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात मराठी मुलखाने मोलाचे काम केले आहे : डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले, आणि नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ च्या सुमारास वेक्स्लरच्या कसोटीला भारतीय रूप दिले. या दोन्ही कसोट्या आजही आपल्याकडील अनेक रुग्णालयांत वापरल्या जातात. मात्र अहवालाच्या अखेरीस ठळक अक्षरांत छापलेला एकच बुद्ध्यंक पाहून जे पालक फाईल मिटवतात, ते अहवालातला सर्वांत मोलाचा मजकूर न वाचताच घरी जातात. मालिनच्या कसोटीत एखाद्या मुलाचा शाब्दिक गुणांक १३८ आणि कृतिगत गुणांक ९८ आला, तर दोहोंची सरासरी ११८ भरते. आणि ११८ हा आकडा पाहून, मूल बरे आहे, काळजीचे कारण नाही, असे समाधान करून घेतले जाते. वस्तुतः त्या सरासरीच्या पोटात चाळीस गुणांचे अंतर दडलेले असते, आणि त्या मुलाचे रोजचे शालेय जीवन त्याच अंतरात चाललेले असते. म्हणून अहवाल हाती घेताना प्रत्येक उपकसोटीचे गुण, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्यांचा निष्कर्ष आणि तपासणीच्या वेळी मूल कसे वागले याचे टिपण, या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात.

इथे एक सूक्ष्म अडचण आहे आणि तिच्यापाशी मी थोडी थांबणार आहे. अध्ययन अक्षमतेचे निदान करताना मूल आपल्या इयत्तेच्या मानाने साधारणतः दोन वर्षे मागे आहे काय, हे पाहण्याचा प्रघात आहे. सामान्य बुद्धीच्या मुलाला हा निकष न्याय देतो. परंतु तीव्र बुद्धीचे मूल संदर्भावरून शब्द ओळखते, धडा एकदा ऐकून पाठ करते, शिक्षकांच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडते, आणि या सर्व युक्त्यांच्या बळावर इयत्तेच्या जेमतेम एक वर्ष मागे राहून निकषाच्या जाळ्यातून निसटते. त्याची खरी पिछेहाट मोजायची तर ती स्वतःच्या कुवतीच्या तुलनेत मोजली पाहिजे. पाचवी-सहावीपर्यंत हा सगळा डोलारा कसाबसा उभा राहतो. पुढे लेखनाचा भार वाढतो, युक्त्या अपुऱ्या पडतात, आणि ज्याला काल सर्वजण हुशार म्हणत होते तो आज अचानक बिघडला, असे सर्वांना वाटू लागते. त्यातच माध्यमाचा प्रश्न मिसळतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते पुष्कळसे सरळ असल्यामुळे मराठीत अशा मुलाचे वाचन प्रामुख्याने संथ होते, आणि वेलांट्या, रफार व जोडाक्षरे यांपाशी अडखळते. इंग्रजीत मात्र स्पेलिंगच्या अनियमिततेमुळे तीच अडचण उघडी पडते. म्हणून घरी मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाची तपासणी दोन्ही भाषांत व्हावी, असा आग्रह पालकांनी धरावा.

दुसरी पायरी हक्क जाणून घेण्याची. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, आणि मुंबईतल्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतील तज्ज्ञांनी या प्रश्नाला वैद्यकीय मान्यता मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा अंतर्भाव केला. त्या अधिनियमाचे सोळावे कलम प्रत्येक पालकाने वाचावे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या शाळांप्रमाणेच शासनमान्यता असलेल्या शाळांनाही ते लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वैयक्तिक साहाय्य देणे आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे, ही कर्तव्ये त्यात सांगितलेली आहेत. सवलतीचा दाखला घेतला तर मुलावर शिक्का बसेल, या भीतीने पुष्कळ पालक वर्षानुवर्षे अर्जच करीत नाहीत. माझे त्यांना सांगणे असे, की शाळेने ‘आळशी’ म्हणून मारलेला शिक्का आधीच बसलेला असतो. दाखल्यामुळे तो पुसण्याची पहिली संधी मिळते.

यानंतर खुद्द शाळेचा शोध सुरू होतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या या नगरात जवळजवळ प्रत्येक सेक्टरात शाळेचा भूखंड आहे, आणि राज्य मंडळापासून आंतरराष्ट्रीय मंडळांपर्यंत सर्व अभ्यासक्रम ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या पट्ट्यात उपलब्ध आहेत. त्यामुळे पालकांचा पहिला प्रश्न ‘कोणते बोर्ड चांगले’ हाच असतो. माझ्या मते हा प्रश्न मागाहून विचारावा. मंडळाच्या नियमांत सवलत असली, तरी ती वर्गात अंमलात येते ती मुख्याध्यापकांच्या इच्छेने आणि विशेष शिक्षकाच्या उपस्थितीने. म्हणून शाळेत गेल्यावर प्रवेशद्वारावरील निकालाचा फलक वाचण्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात. मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कोण लिहितो आणि त्याची फेरतपासणी केव्हा होते? विशेष शिक्षक पूर्ण वेळ आहे काय, आणि त्याच्याकडे किती मुले सोपवलेली आहेत? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक इयत्तांसाठी अशा दहा मुलांमागे आणि त्यावरील इयत्तांसाठी पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे, हे ठाऊक असलेला पालक हा प्रश्न अधिक धीटपणे विचारू शकतो. तिसरी गोष्ट : विज्ञानाचे उत्तर मुलाने तोंडी दिले किंवा संगणकावर टंकलिखित केले, तर ते शिक्षकांना चालेल काय?

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुधा विचारला जात नाही : उपचारात्मक अध्यापनाचा, म्हणजे ‘रेमेडियल’चा तास कोणत्या तासाच्या बदल्यात घेतला जातो? पुष्कळ ठिकाणी वेळापत्रकाच्या सोयीसाठी मुलाला प्रयोगशाळेच्या, चित्रकलेच्या किंवा खेळाच्या तासाला बाहेर काढून वाचनाच्या सरावाला बसवतात. ज्या एका तासात ते मूल आपल्या पूर्ण उंचीने उभे राहू शकत होते, तोच तास त्याच्याकडून काढून घेतला जातो, आणि मग मूल शाळेला कंटाळले अशी तक्रार केली जाते. ‘आधी अक्षर सुधारू दे, मग ऑलिम्पियाडचे पाहू’ हे वाक्य सद्भावनेने उच्चारले जाते, परंतु त्याचा अर्थ असा होतो की बुद्धीचे खाद्य हे अडचण दूर झाल्याचे बक्षीस आहे. बुद्धी अशी वाट पाहत नाही. जे मूल आठवीच्या बीजगणिताला तयार आहे, त्याला पाचवीची गुणाकाराची उदाहरणे पन्नास वेळा करायला लावली तर त्याची वाचनाची गती वाढत नाही. त्याची जिज्ञासा मात्र मावळते. गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसण्याची मुभा आणि भाषेसाठी आठवड्याला तीन-चार तास पद्धतशीर, ध्वनीपासून अक्षराकडे नेणारे साहाय्य, या दोन्ही गोष्टी एकाच सप्ताहात आणि एकाच आराखड्यात मांडता येतात. त्यांपैकी एकीसाठी दुसरी तहकूब करण्याचे शास्त्रीय कारण मला आजवर सापडलेले नाही.

अंतराचाही विचार व्हावा. खारघरच्या मुलाला नावाजलेल्या शाळेसाठी रोज ऐरोलीपर्यंत बसने पाठवले, तर ज्या मुलाला गोंगाटाने, गर्दीने किंवा सततच्या लेखनाने लवकर थकवा येतो, त्याची अर्धी शक्ती ठाणे-बेलापूर रस्त्यावरच खर्ची पडते. घराजवळची, कमी नावाची, परंतु ऐकून घेणारी शाळा अशा वेळी अधिक श्रेयस्कर. नियमित शाळा कोणत्याही रीतीने साधतच नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे : चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक परीक्षेसाठी नोंदणी करता येते, विषयांची निवड मोकळी असते, आणि एकेक विषय पूर्ण करीत पाच वर्षांच्या मुदतीत प्रमाणपत्र मिळवता येते. हा मार्ग हार मानणाऱ्यांचा आहे, अशी समजूत समाजात आहे. मी तो अनेकदा प्रतिष्ठेचा आणि निरोगी मार्ग ठरलेला पाहिला आहे. एवढेच, की घरी शिकणाऱ्या मुलाला समवयस्कांचा सहवास मिळावा, याची व्यवस्था पालकांनी जाणीवपूर्वक केली पाहिजे.

बुद्धीच्या खाद्याची सोय शाळेबाहेरही आहे. मुंबईतल्या विज्ञानशिक्षकांच्या संघटनेतर्फे सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी होणारी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा तर सर्वश्रुतच आहे. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. उपाख्य आप्पासाहेब पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार आपल्या भाषेत प्रथम गंभीरपणे रुजवला. त्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे, जे मूल शाळेत येऊ शकत नाही त्याच्यापाशी शाळेनेच जावे हे तत्त्व आचरणात आणले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. प्रज्ञेची पारख आणि मुलाप्रमाणे शाळेला वळवण्याची तयारी, असे दोन थोर वारसे आपल्याला लाभलेले आहेत. अडचणीत असलेल्या प्रज्ञावान मुलाला हे दोन्ही एकाच शाळेत हवे असतात.

नवी मुंबईला हे साधणे अशक्य नाही. महानगरपालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र वाशीत आहे; बौद्धिक दिव्यांगत्वासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे; आणि वाशीहून खाडी ओलांडली की पहिल्याच स्थानकावर, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, जिथून देशातील विज्ञान व गणित ऑलिम्पियाडांची सूत्रे हलतात. अडचण जाणणारे तज्ज्ञ आणि प्रज्ञेला खाद्य पुरवणारे तज्ज्ञ एकाच लोहमार्गाच्या आसपास काम करीत आहेत. महापालिकेच्या शिक्षण विभागाने आपल्या दोन-तीन शाळांत विशेष शिक्षक आणि विषयशिक्षक यांना एकत्र बसवून एकेका मुलाचा संयुक्त आराखडा लिहिण्याची रुजवात केली, तर तिचा धडा खाजगी शाळांनाही घ्यावा लागेल. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही, नव्या हुद्द्याचीही नाही. एकत्र बैठकीसाठी वेळापत्रकात राखलेल्या वेळेची आहे.

तोपर्यंत पालकांनी शाळेशी होणाऱ्या प्रत्येक भेटीत एक कागद सोबत न्यावा, ज्याच्या डाव्या बाजूला मुलाला काय उत्तम येते आणि उजव्या बाजूला त्याला कुठे साहाय्य हवे, हे समान तपशिलाने लिहिलेले असेल. जी शाळा केवळ उजवी बाजू वाचून प्रवेश नाकारते ती आपली नव्हे. आणि जी केवळ डाव्या बाजूवर भुलून प्रवेश देते तीही आपली नव्हे. जिथे दोन्ही बाजू वाचून झाल्यावर ‘सोमवारपासून काय करायचे?’ असा प्रश्न विचारला जातो, तिथे मुलाचे नाव घालावे.