मौक्यावरचे वाचन

वाचन हा माझा व्यवसाय होता असे मी म्हटले, तर ऐकणाऱ्याला मी अध्यापक असेन किंवा मुद्रितशोधक असेन असे वाटते. वस्तुतः मी महसूल खात्यातला कारकून होतो. भंडारा जिल्हा अखंड होता तेव्हापासून, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा निघाल्यानंतरही, माझी उमर लाल फडक्यांत बांधलेल्या मिसली सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात गेली. ज्या मुलुखात १९५१ पर्यंत मालगुजारी नांदली, तिथले दप्तर म्हणजे नुसते आकडे नव्हेत. गावच्या रीतिरिवाजांची वाजिब-उल-अर्ज, कोणी कोणत्या जंगलातून जळण आणावे, कोणाची गुरे कुठे चरावीत आणि कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला आधी मिळावे हे सांगणारे निस्तार पत्रक, हे सारे त्यात असे. या कागदांच्या वाचनाची एक रीत असते आणि ती कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही. आधी चतुःसीमा पाहावी, मग तारीख, मग खाडाखोड आणि त्या खाडाखोडीवर सही आहे की नाही हे, आणि सर्वांच्या शेवटी मजकूर, कारण मजकूर हा लिहिणाराला हवा असतो तसाच बहुधा असतो.

ही खोड मला इतकी जडली की संध्याकाळी घरी कंदिलाशी, पुढे दिव्याशी, नाटक किंवा कादंबरी उघडली तरी ती सुटत नसे. रसिक मंडळी ज्या ठिकाणी माना डोलावतात त्या ठिकाणी मी, या लेखकाने जागा स्वतः पाहिली होती काय, हे शोधत बसे. आणि यामुळे पुष्कळ उत्तम पुस्तकांवर मी अन्याय केला असेल, हे आधीच कबूल करून टाकतो.

भवभूती आमचा गाववाला. आमगावकडे कोणालाही विचारा, तेच सांगेल. तिथले महाविद्यालयसुद्धा त्याच्या नावाचे आहे. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत तो आपले मूळ गाव पद्मपूर, कुळ उदुंबर, शाखा तैत्तिरीय, गोत्र काश्यप, आजा भट्टगोपाळ, पिता नीलकंठ आणि माता जातुकर्णी असे सांगतो. वारसनोंदीचा इतका नीटनेटका अर्ज माझ्या टेबलावर क्वचितच आला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावानजीकचे पदमपूर, असे प्रतिपादन केले. त्यांनी दाखल केलेल्या पुराव्यांत पद्मपुराहून दिलेला वाकाटकांचा एक ताम्रपट आहे, आणि तो अपुरा आहे. मला, माझ्या पेशामुळे, त्या अपुरेपणाचेच समाधान वाटले. ज्याला बनावट दस्तऐवज करायचा असतो तो सहसा तो अर्ध्यावर टाकीत नाही.

त्याच्या तीन नाटकांपैकी 'महावीरचरित' मी दोनदा हाती घेतले आणि दोनदा खाली ठेवले. 'मालतीमाधवा'तला स्मशानाचा अंक सोडला तर त्या लांबच लांब समासांनी माझी दमछाक झाली. राहिले 'उत्तररामचरित'. महाविद्यालयात असताना, मराठी टीपांच्या आधाराने, मी ते प्रथम वाचले तेव्हा पहिल्या अंकातले चित्रदर्शन मला लांबण वाटले होते आणि तिसऱ्या अंकात, जिथे अदृश्य सीता रामाचा शोक समोर उभी राहून ऐकते, तिथे मी रडलो होतो. एकोणिसाव्या वर्षी माणूस तिथेच रडतो. दुसरा अंक मी जवळजवळ वाचलाच नव्हता. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, एवढेच कारण.

माझी पहिली नेमणूक सालेकसा भागात होती. सुमारे वीस वर्षांनी एका सीमावादाच्या चौकशीसाठी त्याच मौज्यात पुन्हा जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा ज्या नाल्यात आम्ही उमेदवारीच्या दिवसांत पाय धुतले होते तो नाला जागेवर नव्हता, नुसती वाळू होती आणि पाणी एक शेत सोडून पलीकडून वाहत होते. ज्या टोकाला पूर्वी दिवसा शिरायला भीती वाटे तिथे बांध्या पडल्या होत्या, आणि जिथे मी धान उभे पाहिले होते तिथे पळसाने रान माजवले होते. बरोबरच्या वृद्ध पटवाऱ्याने मला पूर्वी एकदा सांगितले होते की नाल्यावर भरवसा ठेवायचा नाही, झाडावर तर नाहीच, तीन गावांची शीव मिळते तिथला दगड शोधायचा, आणि दगडही कोणी हलवला असेल तर कचारगडाच्या बाजूचा डोंगर कोणत्या हाताला पडतो ते पाहायचे. त्या रात्री मुक्कामावर, सामानात आलेले ते जुने क्रमिक पुस्तक उघडले असता, बारा वर्षांनी दंडकारण्यात परतलेला राम दुसऱ्या अंकात नेमके हेच करताना मला दिसला. नदीने पात्र बदलले आहे, झाडीच्या दाट-विरळीची उलटापालट झाली आहे, सारे परके वाटते आहे, आणि जागेची ओळख पटते ती केवळ डोंगर अढळ आहेत म्हणून. आठव्या शतकात कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेल्या या माणसाने मौका पाहणी केलेली होती, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. राजसभेत बसून डोंगराचे वर्णन करता येते, पण हललेल्या नदीकाठाचे येत नाही. आणि तेव्हाच पहिल्या अंकातले ते कंटाळवाणे चित्रदर्शनही मला कळले. राम-सीता तिथे ज्या भूमीची चित्रे पाहतात ती भूमी नकाशावरची आहे. पुढे तो ज्या भूमीत येतो ती मौक्यावरची आहे, आणि नकाशा व मौका यांच्यात जो फरक निघतो त्या फरकातून तिसऱ्या अंकातला शोक उत्पन्न होतो. माझ्या तरुणपणीच्या अश्रूंना आधार नव्हता असे मी म्हणत नाही, पण त्यांची रुजुवात तोवर झालेली नव्हती.

परंतु याच दुसऱ्या अंकात शंबूक आहे, आणि तो मला आज सुखाने पुढे जाऊ देत नाही. तप करणाऱ्या शूद्राचा वध करण्यासाठी राम या अरण्यात आलेला असतो. शस्त्र उचलताना तो आपल्या उजव्या हाताशी बोलतो, सीतेला घालवून देणाऱ्याला दया कुठली असे स्वतःलाच टोचतो, आणि वध झाल्यानंतर दिव्यरूप झालेला शंबूकच कृतज्ञतेने त्याला ते अरण्य दाखवीत नेतो. रामाचा हात कचरला हे भवभूतीने पाहिले, याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. तथापि ज्याचा जीव गेला त्याचा जबाब आरोपीच्या सोयीने लिहिला गेला आहे, ही खूण इतकी वर्षे मिसली वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांतून सुटणे अशक्य आहे. ज्या डोंगरांच्या वर्णनावर मी एवढा लुब्ध झालो ते वर्णन त्याच अंकात, त्याच वधाच्या पाठोपाठ येते. आवडलेले पान फाडून घ्यावे तर मागच्या बाजूला शंबूक निघतो. यावर मला तोड सापडलेली नाही.

श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' ही १९६८ सालची हिंदी कादंबरी मला एका सहकाऱ्याने, हसून हसून पोट दुखेल, अशा शिफारशीसह दिली. आमच्या गोंदियाकडे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत दोहोंची खिचडी चालते, म्हणून भाषेची अडचण नव्हती. मी हसलोही, परंतु लंगड येईपर्यंतच. तहसिलीतून एका दस्तऐवजाची नक्कल मिळावी म्हणून हा माणूस खेपा घालतो. लाच देणार नाही, नियमानेच घेईन, हा त्याचा हट्ट. आणि नियम असे की नक्कल काही केल्या त्याच्या हाती पडत नाही. मी ज्या कचेरीत नक्कल शाखेला होतो तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अर्ज, तिकीट थोडे कमी लागले म्हणून, सात महिने माझ्या खणात पडून होता. मी पैसे मागितले नव्हते, कधीच मागितले नाहीत, आणि त्या अभिमानात तिकीट कमी आहे एवढे त्याला सांगायचेही राहून गेले. तो दर बाजाराच्या दिवशी येई, रामराम करी, बाकावर बसे आणि जाई. विनोदी पुस्तक म्हणून हाती आलेले ते पुस्तक मी तिसऱ्या दिवशी, न संपवता, परत केले आणि पुढे वर्षभराने स्वतः विकत आणून संपवले.

मारुती चितमपल्ली यांच्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला राहिले. तिथल्या माधवराव पाटलांची आणि त्या तलावाची संगत त्यांच्या पुस्तकांतून घरोघर पोहोचली. आमच्या दप्तरात त्या भागातल्या कित्येक जमिनींपुढे 'झुडपी जंगल' एवढाच शेरा असे आणि पुढे रकबा. त्याच रानात कावळ्यांची वस्ती ते 'काकागार' या शब्दाने नोंदवतात, बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणतात, आणि मला आपल्या आयुष्यभराच्या शेऱ्यांची लाज वाटते. ऐकलेली एखादी अद्भुत गोष्ट ते फार लवकर पदरात घेतात, असे माझे मत आहे. ते पुसावेसे मात्र वाटत नाही, कारण सगळेच माझ्यासारखे खाडाखोड शोधत बसले असते तर त्या पाखरांना नावे कोणी दिली असती?

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी 'उत्तररामचरित' घेऊन पदमपूरला गेलो. एका बोडीच्या पाळीवर बसून दुसरा अंक वाचत होतो, सवयीने हातात पेन्सिल होती. धान कापून झालेले होते. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत जवळ आले, पुस्तकाकडे आणि पेन्सिलीकडे पाहून त्यांनी विचारले, "साहेब, कोनाची मोजनी आहे?" मी म्हटले, "कोणाचीच नाही बाबा, वाचतो आहे." त्यांचा विश्वास बसला नाही. शेजाऱ्याने धुरा कसा सरकवला, मोजणीचा अर्ज दिला त्याला किती पावसाळे झाले, हे सारे त्यांनी शांतपणे सांगितले. मी आता नोकरीत नाही असे मी दोनदा म्हणालो. "नसा ना," ते म्हणाले, "लिहून तं घ्या." त्यांनी गट नंबर पाठ म्हटला, आराजी म्हटली, चारी बाजूंच्या खातेदारांची नावे म्हटली, आणि ती सर्व मी पुस्तकाच्या शेवटल्या कोऱ्या पानावर उतरून घेऊन त्यांना एकदा वाचून दाखवली. उत्तरेकडच्या नावात माझी चूक झाली होती. ती त्यांनी दुरुस्त करविली, आणि खाडाखोडीवर मी सही केली.