थकलेल्या पगाराची बोलणी

विमान कंपनीतील वेतनाची बोलणी एरवी इतर उद्योगांसारखीच चालतात. युनियन मागण्यांची सनद देते, व्यवस्थापन उत्तर देते, बैठकांच्या फेऱ्या झडतात आणि शेवटी काही वर्षांचा करार होतो. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली की हा क्रम मोडतो. पगारवाढीचा विषय मागे पडतो. कपात किती, पगार किती महिने थांबवायचा आणि थांबलेल्या पगाराची हमी कोण घेणार, हे तीनच प्रश्न उरतात. अशा वाटाघाटींत कर्मचारी नुसता नोकर राहत नाही. थकलेल्या महिन्यागणिक तो कंपनीचा सावकार होत जातो, आणि तोही बिनव्याजी, बिनतारण.

पगारच आधी का थकतो, याचे कारण या धंद्याच्या हिशेबात आहे. भारतीय विमान कंपन्यांचा सर्वांत मोठा खर्च इंधनाचा. त्याचा दर जागतिक बाजारावर आणि डॉलरवर हलतो, वर राज्यांचा विक्रीकर लागतो. बहुतेक विमाने भाड्याची असतात आणि भाडेही डॉलरमध्ये मोजावे लागते. तिकिटे मात्र बहुतांशी रुपयांत विकली जातात. तेल महागले आणि रुपया घसरला की दोन्ही बाजूंनी कोंडी होते. पैसे थकले तर तेल कंपनी इंधन बंद करते, मालक विमान परत मागतो, विमानतळ उधारी नाकारतो. पैसे न मिळताही दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होणारा घेणेकरी एकच, तो म्हणजे कर्मचारी.

प्रस्तुत लेखक एका खासगी विमान कंपनीच्या लोड कंट्रोल विभागात नोकरीला होता आणि कर्मचारी प्रतिनिधी म्हणून व्यवस्थापनासमोर बसत होता. प्रवासी, सामान, माल आणि इंधन यांचे वजन मांडून विमानाचा तोल काढणे हे या विभागाचे काम. लोड अँड ट्रिम शीटवर कॅप्टनची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. त्यामुळे कंपनीची तंगी हिशेब खात्याबाहेर सर्वांत आधी इथे दिसली. एका सकाळी इंधनाचा अंतिम आकडा येईना. इंधनाची गाडी पंखाखाली उभी होती, नळी जोडलेली होती, पण पैसे जमा झाल्याचा निरोप तेल कंपनीच्या कार्यालयातून आल्याशिवाय माणूस पंप सुरू करायला तयार नव्हता. प्रवासी बसमध्ये खोळंबले. निरोप आला, विमान उशिरा सुटले आणि उशिराच्या कारणाच्या रकान्यात ‘तांत्रिक’ असे लिहिले गेले. त्यानंतर अशा सकाळी वरचेवर येऊ लागल्या.

पगाराचा क्रमही ठरलेला होता. आधी वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकारी यांचे पगार हप्त्यांनी येऊ लागले; लोडर, केबिन क्रू आणि काउंटरवरचे कर्मचारी यांना महिना पुरा मिळत राहिला. कारण उघड होते. मोठे पगार थांबवले की रोकड जास्त वाचते आणि कर्मचाऱ्यांची एकजूटही होत नाही. ज्यांना पगार मिळत होता त्यांना वैमानिकांची ओरड चैनीची वाटली. खालच्यांचा पगार थांबला तेव्हा वैमानिकांपैकी बरेच जण दुसरीकडे अर्ज करून बसले होते. मात्र अर्ज केला म्हणून लगेच सुटका नव्हती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

बैठकांत व्यवस्थापनाचे प्रस्ताव तीन होते: तात्पुरती कपात, हप्त्यांनी पगार आणि नवा गुंतवणूकदार येईपर्यंत सबुरी. कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते की कपात मान्य, पण हिशेबाची वही समोर ठेवा. वही समोर आली नाही. आली ती पुढच्या हंगामाच्या अंदाजांची रंगीत स्लाइड. खरी खडाजंगी झाली ती भविष्यनिर्वाह निधीवरून. पगारपत्रकावर कपात छापलेली होती, पण एका लोडरने बैठकीत मोबाइलवर पीएफचे पासबुक उघडून दाखवले आणि त्यात शेवटच्या महिन्यांची नोंदच नव्हती. पगार देता येत नाही, हे एक वेळ समजून घेता येते. कापून घेतलेले पैसे भरले नाहीत, याला उत्तर नव्हते. त्या दिवशी बैठक तिथेच आटोपली.

संपाचे हत्यार कायद्याने बांधलेले होते आणि व्यवहारात दुधारी. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 नुसार हवाई वाहतूक ही लोकोपयोगी सेवा होती. संपाची नोटीस द्यावी लागे, ती दिल्यापासून चौदा दिवस संप करता येत नसे आणि समेटाची कारवाई चालू असतानाही तो बेकायदा ठरे. त्याहून मोठी अडचण बुकिंगची. प्रवासी आज पैसे भरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी उडतो. मधल्या काळात त्या पैशांवरच कंपनी चालते. संपाची बातमी आली की आगाऊ बुकिंग आटते. म्हणजे ज्या पैशातून थकबाकी मिळायची असते, तोच नुसत्या धमकीनेही कमी होतो.

मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजच्या इतिहासात या हत्याराच्या दोन्ही बाजू दिसतात. 2009 मध्ये युनियन स्थापण्यात पुढाकार घेणाऱ्या दोन वैमानिकांना कंपनीने काढून टाकले, तेव्हा सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक एकदम आजारपणाच्या रजेवर गेले. शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि काही दिवसांत समझोता झाला. तेव्हा कंपनी बुडण्याच्या उंबरठ्यावर नव्हती. 2019 मध्ये तीच युनियन, नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड, थकीत पगारासाठी 1 एप्रिलपासून न उडण्याच्या निर्णयावर आली. ती मुदत 15 एप्रिलवर गेली आणि मग पुन्हा पुढे ढकलली गेली. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी तातडीची रक्कम नाकारली आणि 17 एप्रिलच्या रात्री अमृतसर–मुंबई हे शेवटचे उड्डाण झाले. संप झालाच नाही, तरी विमाने थांबली.

किंगफिशर एअरलाइन्समध्ये उलट घडले. मार्च 2012 पासूनचे पगार न मिळाल्याने त्या वर्षी सप्टेंबरअखेर अभियंत्यांनी काम थांबवले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने टाळेबंदी केली आणि 20 ऑक्टोबरला तिचा परवाना निलंबित झाला. एका कंपनीत कर्मचारी थांबले, दुसरीत थांबले नाहीत. दोन्ही कंपन्या बुडाल्या. बोलणी पगाराची असली तरी कंपनीचा जीव बँका, तेल कंपन्या आणि विमानांचे मालक यांच्या हाती असतो, आणि ते या टेबलावर नसतात.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे, कारण तिथे दिवाळखोरीतही विमाने उडत राहतात. सप्टेंबर 1983 मध्ये फ्रँक लोरेन्झो यांच्या कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर 11 खाली अर्ज केला, युनियनचे करार झुगारले आणि जवळजवळ निम्म्या पगारावर, थोड्या माणसांनिशी, काही दिवसांत उड्डाणे पुन्हा सुरू केली. यावर ओरड झाल्यावर 1984 मध्ये कायदा बदलला. करार रद्द करण्याआधी युनियनपुढे प्रस्ताव ठेवणे, माहिती देणे आणि न्यायालयाची परवानगी घेणे बंधनकारक झाले. तरीही दिवाळखोरीची धमकी कायम राहिली. अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी 2003 मध्ये दिवाळखोरी टाळण्यासाठी मोठी कपात मान्य केली. त्याच सुमारास वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीच्या खास बोनसची आणि निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाची तरतूद उघड झाली आणि मुख्याधिकारी डॉन कार्टी यांना पायउतार व्हावे लागले. नोव्हेंबर 2011 मध्ये त्याच कंपनीच्या पालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

भारतात नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 लागू झाल्यावर कर्मचाऱ्यांचे स्थान कागदावर ठरले. प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले की कारभार त्याने नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो आणि निर्णय कर्जदात्यांची समिती घेते. या समितीत कर्मचाऱ्यांना मत नाही. कंपनी अवसायनात गेल्यास कामगारांचे 24 महिन्यांचे देणे तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरले जाते. इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे देणे त्यानंतर. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीची रक्कम मात्र कंपनीच्या मालमत्तेत मोजली जात नाही. जेटच्या प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2022 मध्ये पीएफ व ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण देण्याचा आदेश दिला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पण पुनरुज्जीवनाची योजनाच अमलात आली नाही. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेज अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

दावा दाखल करण्यासाठी ‘फॉर्म डी’ असतो. त्याला नियुक्तीपत्र, पगारपत्रके आणि बँकेचे उतारे जोडावे लागतात. प्रस्तुत लेखकाच्या कंपनीत विमाने थांबल्यावर थोड्याच दिवसांत कर्मचाऱ्यांचे संकेतस्थळ बंद पडले. पगारपत्रके तिथेच अडकली, कंपनीचे ईमेलही उघडेनात. ज्यांनी घरी छापील प्रती ठेवल्या होत्या त्यांचे फॉर्म एका दुपारीत भरून झाले. इतरांना पगाराच्या खात्याचे उतारे काढून आकडे जुळवावे लागले, आणि भत्ते त्यात वेगळे दिसत नसल्याने दावा त्या प्रमाणात लंगडा झाला. सामूहिक आरोग्य विम्याचा हप्ता भरलेला नसल्याचे काहींना थेट रुग्णालयाच्या काउंटरवर कळले.

यावरून अशा वाटाघाटींत काय मिळवता येते याची मर्यादा स्पष्ट होते. कंपनी वाचवणे कर्मचाऱ्यांच्या हातात नसते आणि पगाराच्या तारखांची आश्वासने न्यायाधिकरणापुढे टिकत नाहीत. पीएफ भरल्याची दरमहा पावती, कापलेला प्राप्तिकर सरकारजमा झाल्याचा पुरावा, विम्याचा चालू हप्ता, प्रत्येकाच्या थकबाकीची सहीशिक्क्याची कबुली आणि पगारपत्रकांच्या छापील प्रती या पाच गोष्टी मात्र मागता येतात. यांतल्या शेवटच्या दोहोंसाठी कंपनीला फारसा खर्च नाही, पहिल्या तीन तर कायद्याने किंवा कराराने तिला देणेच आहेत. त्या मागायची वेळ विमाने उडत असतानाची; तेव्हा व्यवस्थापनाला माणसांची गरज असते आणि सही करायला कोणीतरी खुर्चीवर बसलेले असते.