‘डिलीट’ मारलं म्हणजे नेमकं काय केलं?

मंडळी, आमच्या नारायणगाव पट्ट्यात पिकअपवाल्यांच्या तोंडी सध्या एक शब्द फार ऐकू येतोय. डिलीट. “काय रे, तुझ्या गाडीची लाईट लागत होती ना?” “डिलीट मारलं दादा, आता टेन्शनच नाय.”

ज्यांच्याकडे पिकअप नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये डीपीएफ नावाचा एक डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. इंजिनातून येणारी काजळी तिथे अडकते. डबा भरत आला की गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून तो ६०० अंशांच्या आसपास तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते.

आता आमच्या पिकअपचा दिवस बघा. पहाटे एका रानात क्रेट भरायचे, तिथून दोन-तीन किलोमीटरवर दुसऱ्याच्या वावरात, मग टोमॅटो मार्केटच्या गेटवर लाईन. चालू-बंद, चालू-बंद. डबा तापायला लागतो आणि तेवढ्यात पोरगं चावी फिरवून चहाला जातं. असं चार-सहा वेळा झालं की लाईट लागते, आणि नंतर गाडी जोरच धरत नाही. तेही भर सीझनात, मागे माल असताना!

आमच्या शेजारच्या आळीतल्या एका पोराचं हेच झालं. वर्कशॉपमध्ये नव्या डब्याचा खर्च ऐकला आणि तो बोटांवर मोजत बसला, किती भाडी मारली तर एवढे निघतील. गाडी घेताना या डब्याबद्दल त्याला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. शेवटी एका फिटरने फार कमी पैशात काम केलं. डबा कापला, जाळी फोडून काढली, रिकामा डबा परत वेल्ड केला आणि लॅपटॉप लावून कॉम्प्युटरला गप्प बसवलं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

या पोराला मी गुन्हेगार म्हणणार नाही. हप्ता त्याला भरायचाय, मला नाही. पण जी काजळी डब्यात अडकत होती ती आता जाते कुठे, हे मार्केटात संध्याकाळी अर्धा तास उभं राहून बघा. पिकअप रिव्हर्स येते, मागे हमाल क्रेट उतरवायला उभा. सायलेन्सरपासून त्याची छाती चार-पाच फुटांवर. दिवसभर, एकामागून एक गाड्या. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. फिटर म्हणतो ॲव्हरेज वाढतं. थोडंफार वाढतही असेल. त्याची किंमत हमाल मोजतोय.

“पण पीयूसी तर पास होते!” हो, होते. आपल्याकडे डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबायचा आणि धूर किती दाट आहे ते मोजायचं. बीएस-६ चं नवं इंजिन जाळी काढली तरी लगेच काळाकुट्ट धूर ओकत नाही. डोळ्याला न दिसणारे बारीक कण सुटतात, ते या मशीनला मोजता येत नाहीत. नायट्रोजन ऑक्साईड तर ते मोजतच नाही. नेदरलँड्सने २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या तपासणीत कण मोजणारं यंत्र आणलंय. जाळी फोडलेली असेल तर तिथे लगेच पकडली जाते.

हे खूळ फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज काढला होता की आधीच्या दहाएक वर्षांत तिथे साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा अशीच काढली गेली. तिथे बऱ्याच जणांनी हौसेखातर केलं, मुद्दाम काळा धूर सोडायला. आमची पोरं पोटासाठी करतात. धुराला मात्र हा फरक कळत नाही.

आणि कायदा आहे बरं का. प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. पकडायचं कसं, हाच प्रश्न.

पिकअपवाल्या भावांनो, लाईट लागली की गाडी नारायणगावहून चाकणच्या दिशेने हायवेला काढा, वीसेक मिनिटं न थांबता चालवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. ऑईल पुस्तकात लिहिलंय तेच घाला. स्वस्तातल्या ऑईलची राख जाळीत बसते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. गाडी जोर धरायची थांबली असेल तर मात्र ओढाताण न करता वर्कशॉपला न्या. जाळी साफ करून मिळते का ते आधी विचारा, थेट नवा डबा घेऊ नका.

मी बाजार समितीला द्यायला एक अर्ज तयार केलाय. लाईनीत आणि आवारात उभ्या गाडीचं इंजिन बंद, आणि सीझन लागण्याआधी कंपन्यांच्या माणसांना बोलावून ड्रायव्हर लोकांना डब्याची माहिती. चाळीसेक सह्या झाल्यात, त्यात दोन डिलीटवालेही आहेत. अर्ज घरीच ठेवलाय. संध्याकाळी सातनंतर कधीही या, चहाही होईल.