शाबूचा दाणा

मळणीच्या दिवसांत बाबा खळ्यावर निजायचे. अनगोळच्या शिवारात, येळ्ळूरच्या बाजूला आमचं भाताचं रान होतं. कापणी झाली की तिथंच खळं करायचं, पेंढ्या रचायच्या आणि रास घरी येईपर्यंत कुणीतरी राखणीला राहायचं. सहावीत असताना त्यांनी मला पहिल्यांदा सोबत नेलं. घोंगड्यावर पालथा पडून मी तीन सेलांची बॅटरी गालाला लावून उगीच इकडंतिकडं फिरवत होतो, आणि धसकटांतून हिरवे ठिपके चमकले. मला वाटलं, दव. पण दव पांढरं चमकतं आणि आपण मान हलवली की विझतं. हे ठिपके हिरवट निळे होते, एकटक होते. त्यातल्या एकावरचा उजेड न हलवता सरपटत गेलो, तर पुढ्यात मातीच्याच रंगाचा, बोटाच्या पेराएवढा कोळी बसलेला.

बाबांना दाखवायला उठलो आणि बॅटरी कमरेशी धरली, तर सगळे डोळे गेले. बाबा म्हणाले, "तेला मारू नको. किडं खातंय ते." आणि कुशीवर वळले.

डोळे का गेले, ते कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. या कोळ्याला आठ डोळे असतात, तीन ओळींत: खाली चार बारीक, त्यावर दोन टपोरे, आणि वर डोक्याच्या मागच्या अंगाला दोन मध्यम. वरच्या चार डोळ्यांत पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. त्यावर पडलेला उजेड आल्या वाटेनंच परत फिरतो. म्हणून बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत असेल तरच ती चमक आपल्याला भेटते. गालाला बॅटरी लावायची पोरकट खोड नसती, तर मी त्या रात्री नुसता झोपलो असतो.

लांडगा कोळी हे त्याचं नावही उशिराच कळलं. कुळाचं शास्त्रीय नाव लायकोसिडी, ग्रीक भाषेतल्या लांडग्यावरून आलेलं. बहुतेक जाती जाळं विणून वाट बघत बसत नाहीत, जमिनीवर धावून शिकार धरतात. आपल्याकडच्या हिप्पासाची गोष्ट वेगळी. पाऊस ओसरला की बांधावरच्या गवतात दवानं भरलेली नरसाळ्यासारखी जाळी दिसतात, ती त्याची. टिकादार आणि मल्होत्रा यांनी १९८० साली भारतातल्या लांडगा कोळ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात एका जातीला पुण्याचं नाव दिलं आहे: लायकोसा पूनाएन्सिस. ते वाचलं तेव्हा मला उगीचच आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

खळ्यावरून मी एक कोळी घरी आणला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. तळाला शिवारातली माती, एक खापरी, ओल्या कापसाचा बोळा, झाकणाला दाभणानं पाडलेली भोकं. खायला रातकिडे. पुढं बरण्या वाढल्या. एका बरणीत एकच ठेवायचा, नाहीतर एक दुसऱ्याला खातो, हे मी दुसऱ्याच दिवशी शिकलो होतो. एकदा सकाळी एका बरणीत दोन कोळी दिसले आणि मी घाबरलो. त्यातला एक पोकळ होता, टाकलेली कात. नव्या कोळ्याला आठवा पाय होता. धरताना मी तोडलेला तो पाय परत आला होता, जरा आखूड.

आई जळमटं काढताना कुंचा कुठंही फिरवायची, पण या बरण्यांना हात लावायची नाही. मात्र एकदा तिनं बरणी उजेडाला धरली. कोळिणीनं मागच्या टोकाला एक पांढरी गोल गोळी बांधली होती आणि ती ओढत फिरत होती. "गाभण हाय रे ती," आई म्हणाली. "सोड जा शिवारात."

मी सोडलं नाही. उलट चिमट्यानं ती गोळी ओढून काढली. कोळीण चिमट्याला झोंबली, सोडेना. मी जोर केला. आत काय आहे ते बघायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. टाचणीनं फोडली तर आत खसखशीसारखी पिवळसर अंडी. दुपारपर्यंत ती सुकली. कोळीण रात्रभर बरणीच्या तळाशी फिरत होती, पुढचे पाय मातीवर आपटत, त्याच त्या जागी परत येत. सकाळी आईची एकादशी होती. भिजत घालायच्या शाबूतला एक कोरडा दाणा मी घेतला आणि बरणीत टाकला. तिनं तो पायांनी चाचपला, उलटा केला आणि मागं बांधून टाकला. तीन दिवस ती शाबूचा दाणा वागवत होती.

मी हे आईला सांगितलं नाही.

कॉलेजात असताना फाब्रचं कोळ्यांवरचं लेखन हाती लागलं. त्या फ्रेंच म्हाताऱ्यानं नार्बोनच्या लांडगा कोळिणीची गोळी काढून घेऊन तिला कानशीनं घासून गुळगुळीत केलेली बुचाची गोळी दिली होती, आणि तिनं ती तशीच बांधून घेतली होती. तो प्रयोग होता, त्याच्या लेखी प्रश्न होता. मी वाचता वाचता पुस्तक मिटलं. या जातींत ती गोळी आईच फोडते, शिवणीशी चावून. तिच्याशिवाय पिल्लांना सहसा बाहेर पडता येत नाही, हे मला नंतर दुसरीकडं वाचायला मिळालं.

त्यानंतर मी चिमटा वापरला नाही. कॅमेरा आला तो २०११ साली, जुना, दुसऱ्याच्या हातचा. मॅक्रो लेन्स परवडत नव्हती. पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स एका रिंगवर उलटी बसवली की कोळ्याचे डोळे कवडीएवढे दिसतात. पण तेवढ्यासाठी चार बोटांवर जावं लागतं, आणि स्पष्ट दिसणारा पट्टा एका मिलिमीटरहूनही कमी असतो. श्वास घेतला तरी डोळे सुटतात आणि तोंडावरचे केस स्पष्ट येतात. मी डोळ्यांच्या मधल्या ओळीवर नजर लावतो, कोपर जमिनीत रोवतो, श्वास सोडून थांबतो. फ्लॅशवर दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा. फ्लॅश बाजूला धरला तर डोळे काळेभोर, शांत येतात. लेन्सला चिकटून धरला तर पेटतात. खळ्यावरच्या रात्रीचं सगळं गणित त्या दोन फोटोंत आहे.

बाबा पुढं तुडतुड्यांवर औषध मारू लागले, सगळेच मारत होते. पहिल्या फवारणीनंतर रान स्वच्छ दिसायचं आणि पंधरा-वीस दिवसांत तुडतुडे दुप्पट. भातातले लांडगा कोळी तुडतुडे खातात; औषधानं कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. इंडोनेशियानं हे सोसलं आणि १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. मी हे बाबांना सांगितलं, खळ्यावरच्या त्यांच्या "मारू नको"ची आठवणही करून दिली, तेव्हा त्यांना ती रात्र आठवत नव्हती. "मी म्हणालो व्हतो?" एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. पुढच्या वर्षी त्यांनी बांधाकडेच्या चार ओळी सोडून औषध मारलं. त्याचा उपयोग झाला का, हे मोजायला आमच्याकडं काही नव्हतं. मला त्या चार ओळींचं फार वाटतं.

आता त्या बाजूला प्लॉट पडलेत. आमचं रान अजून आहे, घराला परडंही आहे. यंदा जुलैत परड्याच्या भिंतीलगत गोळीवाली कोळीण मिळाली. पाऊस थांबत नव्हता, बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं होतं, म्हणून तिला बरणीत घेतलं. ओला कापूस बदलायचा आणि आठवड्याला दोन रातकिडे, एवढंच. बाराव्या दिवशी गोळी फुटली आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढली, थरावर थर. फ्लॅश लेन्सला चिकटवून मी एक फोटो घेतला. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला पडद्यावर मोठा करून दाखवला. पाठभर ठिणग्या पेटलेल्या.

"ही सगळी तिची पोरं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मग इतक्या वर्षांनी शाबूच्या दाण्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. बरणी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "ऊन पडलंय बघ. जा आता."

बांधावर पाणी उतरलं होतं. बरणी आडवी केली, कोळीण हातावरून उतरून मातीवर गेली आणि वीतभर अंतरावर थांबली. माझ्या तळहातावर तीन पिल्लं राहिली होती. मी हात जमिनीला टेकवून तिच्या मागच्या पायांशी नेला. दोन लगेच चढली. तिसऱ्याला वेळ लागला, तोवर मी हात हलवला नाही.